'तांत्रिक बिघाड' छापताना सेटिंग कुणी बदललं तेही विचारा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपरात अधूनमधून एक वाक्य वाचायला मिळतं, 'तांत्रिक बिघाडामुळे हा प्रकार घडल्याचे संस्थेकडून सांगण्यात आले'. कधी पतसंस्थेत ठेवीचं व्याज चुकलेलं असतं, कधी अडत्याच्या पट्टीत हमाली-तोलाई चुकीची लागलेली असते, कधी पगारातून पीएफ दोनदा कापलेला असतो, आणि बातमी त्या एका वाक्यावर संपते. मी सांगलीत चौदा वर्षं हेच काम करते, दूध संस्था, कारखाने, दोन-चार पतसंस्था यांच्या सॉफ्टवेअरचा सपोर्ट, आणि अनुभवाने सांगते की असल्या प्रकारात पुष्कळदा मशीन काही बिघडलेलं नसतं. कुणीतरी, कुणाच्या तरी फोनवरून, चालू सिस्टीममध्ये एक सेटिंग बदललेलं असतं आणि ते कुठं लिहून ठेवलेलं नसतं. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय पण शक्य झालं तर छापा.

आपण सांगलीकर पावसाळ्यात काय करतो बघा. पाणी वाढलंय एवढं कुणी सांगितलं तर आपलं समाधान होत नाही, आपण विचारतो कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला किती फूट, किती वाजताचं रीडिंग आहे, कोयना धरणातून किती क्युसेक सोडलंय. ४० फुटाला इशारा आणि ४५ ला धोका हे इथल्या शाळेतल्या पोरालाही पाठ आहे. २०१९ नंतर तर आपण एकेका इंचाचा हिशोब ठेवायला लागलो. मग ज्या सॉफ्टवेअरवर हजारो लोकांचं दुधाचं बिल निघतं तिथं 'काहीतरी टेक्निकल झालं' एवढ्यावर आपण गप्प का बसतो, तिथंही विचारायला पाहिजे की काय बदललं, किती वाजता, कुणी.

सेटिंग म्हणजे काय ते आधी सांगते, कारण लोकांना वाटतं सॉफ्टवेअर म्हणजे कोडिंग आणि ते पुण्यातली पोरं करतात. कोड एकदा लिहिला की तो फार बदलत नाही. रोज बदलतं ते त्याच्या आतलं कॉन्फिगरेशन, म्हणजे दुधाचा दरतक्ता, जीएसटीचा टक्का, कुणाला किती रकमेपर्यंत मंजुरीचा अधिकार, बिलाचा नमुना, बँकेला जाणाऱ्या फाइलचं फॉरमॅट, एसएमएस कुठून जायचा. यातलं बरंचसं ऑफिसातला क्लार्कसुद्धा दोन क्लिकमध्ये बदलू शकतो आणि त्यामुळेच ते कुणाला धोक्याचं वाटत नाही. कोड बदलायचा तर चार लोक बघतात, दरतक्ता बदलायचा तर चेअरमन साहेबांचा फोन पुरतो.

आता माझ्याच हातून झालेलं सांगते. संस्थेचं नाव घेत नाही, त्यांनी नंतर सगळ्यांचे पैसे चुकते केले आणि काम पण सुधारलं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, दिवाळीच्या तोंडावर. त्या संस्थेत आम्ही ऑफिसमधल्या एका जुन्या कॉम्प्युटरवर सिस्टीमची टेस्ट कॉपी, म्हणजे नुसतं करून बघण्यापुरती नक्कल, करून ठेवली होती, आणि बोर्डात तेव्हा चर्चा चालली होती की एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, ८.५ च्या खाली गेलं तर लिटरला पॉइंटमागे (०.१ चा एक पॉइंट) ३० पैसे कापतोय ते एक रुपया करायचं का. निर्णय काही झालेला नव्हता, पण किती फरक पडतो ते बघायला मी टेस्ट कॉपीवर एक रुपयावाला तक्ता चढवून ठेवला होता. त्यातच एक नवीन संकलन केंद्र चालू व्हायचं होतं, त्याचा कोड आणि दिवाळीच्या फरक बिलाचं सेटिंग एवढ्या दोनच गोष्टी टेस्टवरून लाईव्हला, म्हणजे खऱ्या चालू सिस्टीमला, न्यायच्या होत्या. रात्रीचे साडेदहा वाजलेले, मला घरी जायचं होतं, आणि मी ती दोन सेटिंगं वेगळी न काढता टेस्टची सगळीच्या सगळी सेटिंगं एक्स्पोर्ट केली आणि लाईव्हला इम्पोर्ट केली. स्क्रीनवर हिरव्या अक्षरात यशस्वी असं आलं. मी लॅपटॉप बंद केला.

सकाळी संकलन सुरू झालं आणि गावोगावच्या मशीनवर एक रुपयावाला तक्ता गेला. साडेआठ वाजता तासगाव तालुक्यातल्या एका केंद्रावरच्या ऑपरेटरचा फोन आला, मॅडम इथं एक मावशी भांडायला लागल्यात, तुम्हीच बोला. आणि त्यांनी फोन घेऊन मला जे विचारलं ते शब्द माझ्या कानात अजून आहेत, "काय वो, काल बारा लिटर, आज बी बाराच लिटर, फॅट तेवढा, डिग्री तेवढी, मग सोळा रुपये ऐंशी पैसे कमी कसे? आमचं दूध काय रातीत पातळ झालं व्हय?" हिशोब त्यांचा पैशाला पैसा बरोबर होता. त्यांच्या दुधाचं एसएनएफ ८.३, म्हणजे दोन पॉइंट कमी, लिटरमागे ६० पैसे कापायच्या ऐवजी दोन रुपये कापले गेले, एक रुपया चाळीस पैशाचा फरक, गुणिले बारा. दिवसाला दोन वेळचं धरलं तर तेहतीस रुपये साठ पैसे. ऑफिसात बसून हा आकडा लहान वाटतो, पण त्यातून पेंडीचं पोतं येतं.

आणि तेवढ्यावर थांबलं नाही. टेस्ट कॉपीवर आम्ही एसएमएस मुद्दाम बंद ठेवलेला असतो, नाहीतर खोटे मेसेज खऱ्या शेतकऱ्यांना जातात, तर ते 'बंद' पण लाईव्हला गेलं. म्हणजे एरवी ज्या मेसेजवरून लोकांना लगेच कळलं असतं तोच आला नाही, आणि ज्यांनी पावती नीट बघितली तेवढ्यांनाच समजलं. बँकेच्या फाइलचा पत्ता पण टेस्टचाच झाला होता, ते तर आम्हाला चार दिवसांनी बिलाच्या वेळी कळलं. एका इम्पोर्टमध्ये तीन वेगळ्या चुका, आणि तिन्ही एकमेकीला झाकणाऱ्या.

मग म्हटलं जुना तक्ता परत टाकू. कुठाय जुना तक्ता? डेटाबेसचा बॅकअप होता पण तो आदल्या आठवड्याचा, आणि त्यानंतर दर एकदा बदललेले होते. कुणाच्या तरी मेलवर एक्सेल असेल म्हणून शोधलं, तीन एक्सेल निघाल्या, तिन्हींचं नाव 'दरतक्ता फायनल', तिन्हींत आकडे वेगळे. शेवटी तक्ता मिळाला तो त्याच गावच्या डेअरीत, मशीनच्या मागं भिंतीवर खिळ्याला टांगलेला, लॅमिनेशन केलेला, एक कोपरा फाटलेला. ऑपरेटरने त्याचा फोटो काढून पाठवला आणि आम्ही दोघांनी मोबाईल झूम करून फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ७.५ ते ९.० असे २१ ओळी गुणिले १६ रकाने, ३३६ आकडे हाताने टाइप केले, एकानं वाचायचं एकानं टाकायचं, मग उलट. दुपारी तक्ता परत गेला, पण दूरच्या केंद्रांवर संध्याकाळचं संकलन सकाळच्याच चुकीवर सुरू झालं कारण तिथल्या मशीनला तेव्हा रेंज नव्हती. आणि या सगळ्यात शिव्या कुणी खाल्ल्या तर त्या ऑपरेटर पोरानं, ज्याचा यात काडीचा संबंध नव्हता. संस्थेने सांगितलं, सॉफ्टवेअरची चूक. चूक माझी होती, आणि माझ्याइतकीच त्या पद्धतीची, जिच्यात मला रात्री साडेदहाला एकटीला हे करता आलं.

त्यानंतर तिथं आम्ही जे सुरू केलं ते काही मोठं शास्त्र नाही. एक रजिस्टर, साधं दोनशे पानी. प्रत्येक बदलाला नंबर, कुणी मागितला त्याची सही, आधीची किंमत काय होती, नवीन काय, कुठल्या तारखेपासून, आणि बिघडलं तर मागं कसं जायचं ते आधीच लिहायचं, बदल झाल्यावर नाही. जो बदल तयार करतो त्याने तो लाईव्हला चढवायचा नाही, दुसऱ्याने बघून चढवायचा. बदललंय तेवढंच न्यायचं, सगळं गाठोडं उचलून न्यायचं नाही, आणि चढवायच्या आधी टेस्ट आणि लाईव्हची तुलना काढायची, दोन गोष्टी न्यायच्या असतील आणि तुलनेत चाळीस ओळी वेगळ्या दिसल्या तर हात मागं घ्यायचा. सर्व्हरचा पत्ता, एसएमएसची चावी, बँकेचं फोल्डर, प्रिंटरची नावं ही ज्या त्या जागेची असतात, ती कधीच इकडून तिकडं न्यायची नाहीत, त्यांची वेगळी यादी कॉम्प्युटरवरच चिकटवलीय. बिल दहा दिवसांचं असतं, म्हणून १०, २० आणि महिनाअखेर याच्या दोन दिवस आधीपासून काहीही बदलायचं नाही, कुणाचाही फोन आला तरी. आणि चढवल्यावर आधी दोनच गावांना पाठवायचं, तिथं ३.५ फॅट ८.५ एसएनएफची एक पावती काढून बघायची, दर पैशाला पैसा जुळला तर मग बाकीच्या गावांना.

मोठ्या कंपन्यांत हे नवीन नाही. कुपवाड-मिरज एमआयडीसीत किंवा साताऱ्यात जिथं जिथं सॅप (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं मोठं सॉफ्टवेअर) आहे तिथल्या लोकांना हे रोजचं आहे, डेव्हलपमेंट, क्वालिटी आणि प्रॉडक्शन अशा तीन वेगळ्या सिस्टीम, बदल पहिल्या सिस्टीममध्ये करायचा, तो ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टमध्ये बांधला जातो, तिला नंबर पडतो, आणि ती क्वालिटीत तपासून मगच प्रॉडक्शनला इम्पोर्ट होते. तिथंही चुका होतात, सगळ्यात जास्त क्रम चुकल्याची, एकाच सेटिंगवर दोन रिक्वेस्ट असतील आणि नंतरची आधी गेली तर मागून येणारी जुनी रिक्वेस्ट नवीन सेटिंग पुसून टाकते आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण तिथं निदान नंबर असतो, तारीख असते, कुणी केलं त्याचं नाव असतं, शोधता येतं. आपल्याकडच्या मधल्या संस्था, ज्यांचं दिवसाचं काम मोठं पण आयटी म्हणजे एक ऑपरेटर आणि पुण्यातून एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) लावून थेट लाईव्हवर बसणारा सपोर्टवाला, त्यांच्याकडे यातलं काहीच नसतं.

गेल्या वर्षीचं जीएसटीचं उदाहरण ताजं आहे. ३ सप्टेंबर २०२५ ला कौन्सिलने ठरवलं आणि २२ सप्टेंबरपासून, म्हणजे बरोबर घटस्थापनेच्या दिवशी, नवे दर लागू. तूप, लोणी, चीज १२ वरून ५ टक्के, आइस्क्रीम १८ वरून ५, पॅकिंगचं पनीर ५ वरून शून्य. मध्ये १९ दिवस मिळाले होते, पण मला फोन यायला लागले ते २१ तारखेला रविवारी संध्याकाळी. ज्यांनी नवीन दर 'अमुक तारखेपासून' असा टाकला त्यांना काही त्रास झाला नाही. ज्यांनी जुन्या १२ वर सरळ ५ लिहिलं, त्यांची अडचण दुसऱ्या आठवड्यात बाहेर आली, ऑगस्टच्या बिलातला तुपाचा माल दुकानदाराकडून परत आला, क्रेडिट नोट जुन्याच १२ टक्क्यांनी निघायला पाहिजे आणि सिस्टीममध्ये १२ टक्के शिल्लकच नाही. एका डिस्ट्रिब्युटरकडे तर अशा नोटा हाताने दुरुस्त करत आम्ही नवरात्राची माळ सोडून बसलो होतो. जुनी किंमत पुसायची नसते, तिच्या पुढं तारीख टाकून नवीन लिहायची असते, सातबाऱ्यावर जुनी नोंद कंस करून ठेवतात ती काय उगाच ठेवतात का.

आणि कुणी म्हणेल गावातल्या डेअरीला एवढं कशाला, तर जगात फार मोठ्यांचं पण यातच गेलंय. अमेरिकेत नाइट कॅपिटल नावाची शेअर बाजारातली कंपनी होती, १ ऑगस्ट २०१२ ला त्यांनी नवीन प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता, सातांवर चढला, आठव्यावर राहिला. त्या आठव्यावर जुना बंद पडलेला प्रोग्राम पडून होता आणि नव्यासाठी वापरलेल्या खुणेने तोच जागा झाला, पाऊण तासात ४४ कोटी डॉलरच्या वर नुकसान, कंपनी पुढं दुसऱ्यांच्या हातात गेली. आणि १९ जुलै २०२४ तर सगळ्यांना आठवत असेल, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले त्या दिवशी. क्राउडस्ट्राइक या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीने पाठवलेली फाइल प्रोग्रामची पण नव्हती, कॉन्फिगरेशनसारखी अपडेटची होती, आणि ती एकदमच जगभर गेली, ८५ लाखांच्या आसपास विंडोज मशीन बंद. त्यांनी सव्वा-दीड तासात ती मागं घेतली, पण जी मशीन पडली होती ती घेऊन काय करणार, माणसांनी एकेका मशीनपाशी जाऊन ती उठवली. आमच्या रेंज नसलेल्या केंद्रांचं अगदी तेच झालं होतं. म्हणून मी आधी दोन गावं, मग बाकीची, यावर एवढी अडून बसते.

कायद्याचं पण थोडं आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल पाहिजेच, म्हणजे हिशोबात कधी काय बदललं त्याची नोंद, आणि ती बंद करता येता कामा नये. चांगला नियम आहे. पण तो कंपनी कायद्यातला, आपल्याकडच्या दूध संस्था आणि पतसंस्था १९६० च्या सहकार कायद्यातल्या, त्यांना तो लागत नाही. शिवाय तो बघतो हिशोबाच्या नोंदीकडे, ज्या तक्त्यावरून त्या नोंदी तयार होतात तो तक्ता कुणी बदलला ते पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये कुठंच उमटत नाही. बिल बरोबर दिसतं, बेरीज बरोबर येते, ऑडिटरला सगळं जुळलेलं मिळतं, आणि दर मात्र चुकीचा असतो.

संस्थांच्या मंडळींना माझं मनापासून सांगणं आहे. खर्चाचं मला सांगतात, ताई टेस्टसाठी वेगळा सर्व्हर कुठला आणायचा. जुना कॉम्प्युटर चालतो, आमचं त्यावरच चाललंय. महिन्यातून एकदा लाईव्हची कॉपी त्याच्यावर घ्यायची, शेतकऱ्यांचे मोबाईल नंबर त्यात बदलून टाकायचे म्हणजे झालं. सेटिंगच्या फाइल गिट नावाच्या, फाइलीतले बदल नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवल्या तर प्रत्येक बदल कुणी कधी केला ते आपोआप राहतं, ते फुकट आहे, २००५ पासून जगभर वापरात आहे, आणि वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या पोराला पण ते येतं, त्यांना सुट्टीत बोलवा, दोन हजार सभासदांच्या संस्थेचं सगळं लावून देतील आणि त्यांनाही खरं काम शिकायला मिळेल. पैसे लागतात ते थोडे, लागतो तो वेळ, आणि 'आत्ताच्या आत्ता करा' म्हणणाऱ्याला 'उद्या सकाळी करते साहेब' म्हणायची मुभा. ही मुभा ऑपरेटर स्वतः घेऊ शकत नाही, ती बोर्डाने ठराव करून द्यायला पाहिजे. आठ-दहा हजार पगारावरच्या पोराला चेअरमनला नाही म्हणायला सांगणं बरोबर नाही.

आणि तुम्हाला विनंती ही, साहेब. पुढच्या वेळी कुणी 'तांत्रिक बिघाड' म्हणालं की तुमच्या वार्ताहराने एवढंच विचारावं, शेवटचा बदल कोणता केला होता, किती तारखेला किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरून, आणि आधी कुठं तपासला होता का. उत्तर मिळालं तर ते छापा. नाही मिळालं तर विचारलं होतं आणि उत्तर मिळालं नाही असं छापा, पुराच्या बातमीत फुटाचा आकडा जसा न चुकता असतो तसं.

त्या तासगावकडच्या डेअरीत परवा जाऊन आले. भिंतीवर तक्ता आहेच, तो मी काढू दिला नाही, फक्त आता दर बदलला की नवीन छापून लावतात आणि खाली उजव्या कोपऱ्यात रजिस्टरचा नंबर आणि तारीख असते. मावशी दूध घालायला आल्या होत्या, त्यांनी पावती हातात घेतली, आधी तक्त्याकडं बघितलं, बोटानं ओळ धरून आकडा जुळवला आणि मगच किटली उचलली.

आपली,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली